फुप्फुसाचा तिसऱ्या स्टेजचा कॅन्सर: केमोथेरपी आणि ऑपरेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती नॉन-स्मॉल सेल प्रकाराबद्दल आहे. फुप्फुसाच्या दर १०० कॅन्सरपैकी साधारण ८५ या प्रकारचे असतात. गाठ अजून छातीतच आहे, पण मोठी झाली आहे किंवा लिम्फ नोडपर्यंत (प्रतिकारशक्तीच्या लहान गाठींपर्यंत) पोचली आहे, अशा वेळी बऱ्याचदा केमोथेरपी आणि ऑपरेशन दोन्ही लागतात. चांगले उपचारसुद्धा चुकीच्या क्रमाने झाले तर त्यांचा फायदा कमी होतो. म्हणून इथे क्रमावर आणि वेळेवर जास्त भर दिला आहे.

तिसरी स्टेज म्हणजे नक्की काय? या टप्प्यावर ऑपरेशन होऊ शकतं का?

स्टेज तीन अक्षरांवर ठरते. टी म्हणजे गाठ: ३ सेंमीपर्यंत टी१, ३ ते ५ सेंमी टी२, ५ ते ७ सेंमी टी३ आणि ७ सेंमीच्या वर टी४. आकार लहान असला तरी गाठ छातीच्या भिंतीत शिरली असेल तर ती टी३ धरतात. हृदय, मोठी रक्तवाहिनी किंवा मणक्याचं हाड गाठलं असेल तर टी४. एन म्हणजे नोड: एन१ फुप्फुसाच्या आत आणि मुळाशी, एन२ छातीच्या मधल्या भागात गाठीच्याच बाजूला, एन३ विरुद्ध बाजूला किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर. एम म्हणजे दूर पसरलेला आजार.

एन३ असेल तर ऑपरेशनचा विचार बहुधा होत नाही. गाठ मोठी पण नोड स्वच्छ किंवा फक्त एन१ असतील, तर ऑपरेशनची शक्यता चांगली असते. खरा वाद एन२ वर होतो. २०२५ पासून लागू झालेल्या नवव्या टीएनएम आवृत्तीत एन२ चे दोन भाग केले आहेत: एकाच गटातले नोड बाधित असतील तर एन२ए, अनेक गटांतले असतील तर एन२बी. सर्जनसाठी हा फरक मोलाचा आहे. एका गटातला, वेगळा ओळखू येणारा नोड काढता येतो. अनेक नोड एकमेकांना चिकटून अन्ननलिका आणि श्वासनलिकेभोवती थर झाला असेल, तर चाकूने तो पूर्ण निघत नाही. तिथे केमो आणि रेडिएशन हाच मार्ग बरा.

गाठ काढता येण्यासारखी आहे, मग आधी काढून का टाकत नाहीत?

या स्टेजला बऱ्याच रुग्णांच्या रक्तात आणि दूरच्या अवयवांत कॅन्सरच्या पेशी आधीच पोचलेल्या असतात. त्या इतक्या थोड्या असतात की कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. ऑपरेशन छातीतला आजार काढतं. या विखुरलेल्या पेशींवर फक्त रक्तातून जाणारं औषध चालतं.

ऑपरेशनआधी केमो दिल्याने काय फरक पडतो, हे २०१४ मध्ये १५ चाचण्यांतल्या २,३८५ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासलं गेलं. ५ वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ४० वरून ४५ टक्क्यांवर गेलं. ऑपरेशननंतर केमो दिली तरी फायदा साधारण तेवढाच: २००८ मध्ये ४,५८४ रुग्णांच्या अशाच एकत्रित अभ्यासात तो ५.४ टक्के निघाला.

मग आधी देण्याकडे कल का? एक कारण व्यवहारी आहे. छातीच्या मोठ्या ऑपरेशननंतर अशक्त झालेल्या शरीराला केमोच्या चारही सायकल (फेऱ्या) झेपत नाहीत आणि कित्येकांची केमो अर्धवट राहते. आधी दिली तर ती पूर्ण होण्याची शक्यता जास्त. शिवाय गाठ जागेवर असल्याने औषध लागू पडतंय का ते दिसतं. तिसरं कारण इम्युनोथेरपीमुळे (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर लढवणाऱ्या औषधांमुळे) आलं आहे, ते पुढे सांगितलं आहे.

याची दुसरी बाजूही डॉक्टरांनी रुग्णाला सांगायला हवी. आधी औषध सुरू केलेल्या दर १०० रुग्णांपैकी साधारण १५ ते २० जण ऑपरेशनपर्यंत पोचत नाहीत. काहींचा आजार वाढतो, काहींना औषध सोसत नाही, काही स्वतःच नको म्हणतात.

पहिल्या केमोच्या आधी कोणत्या तपासण्या झाल्याच पाहिजेत?

या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पहिलं सलाईन लागलं की काही माहिती कायमची हातची जाते.

पेट-सीटी (किरणोत्सारी साखर टोचून केलेला स्कॅन, ज्यात जास्त साखर वापरणाऱ्या जागा उजळ दिसतात) आणि मेंदूचा कॉन्ट्रास्ट देऊन केलेला एमआरआय दोन्ही हवेत. पेट-सीटीमध्ये मेंदूतल्या लहान गाठी नीट दिसत नाहीत, कारण मेंदू स्वतःच भरपूर साखर वापरतो आणि सगळाच उजळ दिसतो. पेट-सीटी ताजी असावी, शक्यतो चार आठवड्यांच्या आतली.

पेटवर नोड उजळ दिसला म्हणून तो कॅन्सरचाच, असं धरू नये. क्षयरोग, इतर जंतुसंसर्ग, सारकॉइडोसिस यांमुळेही नोड तसेच चमकतात. अशा चमकणाऱ्या नोडमुळे एखाद्याचं ऑपरेशन विनाकारण नाकारलं जाऊ शकतं. उलट बाजूने, पेटवर शांत दिसणाऱ्या नोडमध्येही सूक्ष्म आजार असू शकतो. म्हणून छातीच्या मधल्या भागातल्या नोडची सुईने तपासणी लागते. तोंडावाटे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, तिच्या टोकाच्या सोनोग्राफीवर पाहत नोडमधून पेशी घेतात. हिला ईबस म्हणतात. ईबसमध्ये काही सापडलं नाही पण संशय दाट असेल, तर गळ्याखाली छोटा छेद घेऊन मीडियास्टिनोस्कोपी करतात. हे सगळं केमोआधी झालं पाहिजे, कारण औषधाने नोड आकसतात, त्यांच्याभोवती कडक व्रण तयार होतो, आणि मुळात आजार कुठपर्यंत होता हे नंतर कळत नाही.

बायॉप्सीचा तुकडा फक्त ‘कॅन्सर आहे’ एवढं सांगण्यापुरता पुरत नाही. त्यावर ईजीएफआर आणि एएलके या जनुकांची आणि पीडी-एल१ या प्रथिनाची तपासणी व्हायला हवी. अहवालाला एक ते तीन आठवडे लागू शकतात. हे दिवस फार जड जातात आणि ‘तोवर एक केमो देऊन टाका’ असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे. तब्येत ढासळत नसेल तर थांबावं, हे आमचं स्पष्ट मत आहे. ईजीएफआर किंवा एएलके बदल असलेल्यांवर इम्युनोथेरपीचा परिणाम कमी होतो. वर, इम्युनोथेरपीनंतर लगेच ओसिमर्टिनिब (ईजीएफआर बदलावरची गोळी) सुरू करावं लागलं तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो.

याशिवाय श्वासाची पूर्ण चाचणी, हृदयाचा इको, क्रिएटिनिन (किडनीची चाचणी), यकृत आणि थायरॉइडच्या चाचण्या, हिपॅटायटिस बी ची तपासणी. सिसप्लॅटिन द्यायचं असेल आणि ऐकू कमी येत असेल तर कानाची चाचणीही. मूल हवं असेल तर वीर्य किंवा बीजांड जतन करण्याबद्दल आत्ताच विचारा.

छातीचा सर्जन, केमो देणारे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर यांनी एकत्र बसून योजना ठरवण्याची वेळही हीच. ‘दोन सायकल देऊ, मग सर्जनला दाखवू’ ही पद्धत चुकीची. गाठ काढता येईल का हे सर्जनने पहिल्या दिवशीचा स्कॅन पाहून ठरवायचं असतं.

केमोत कोणती औषधं देतात आणि किती?

मूळ औषध प्लॅटिनमचं: सिसप्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन. जोडीला दुसरं औषध, आणि ते पेशीच्या प्रकारावर ठरतं.

अ‍ॅडिनोकार्सिनोमा असेल तर बहुधा शरीराच्या दर चौरस मीटरला ७५ मिग्रॅ सिसप्लॅटिन आणि ५०० मिग्रॅ पेमेट्रेक्सेड, दर २१ दिवसांनी. स्क्वामस प्रकारात पेमेट्रेक्सेड चालत नाही. तिथे जेमसायटॅबीन १,००० ते १,२५० मिग्रॅ पहिल्या आणि आठव्या दिवशी देतात, किंवा कार्बोप्लॅटिनबरोबर पॅक्लिटॅक्सेल. ऑपरेशनआधी साधारण ३ किंवा ४ सायकल होतात. त्याहून जास्त सायकल ‘आणखी थोडी आकसू दे’ म्हणून वाढवत नेण्यात फायदा दिसलेला नाही, ताकद मात्र कमी होते.

किडनी कमजोर असेल, ऐकू कमी येत असेल, हृदयाला जादा सलाईन झेपत नसेल किंवा हातापायांत आधीच मुंग्या असतील, तर सिसप्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन देतात. क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला ५० ते ६० मिलीच्या खाली असेल तर सिसप्लॅटिनबद्दल दोनदा विचार होतो.

पेमेट्रेक्सेड घेणाऱ्यांनी दोन गोष्टी कधीच चुकवू नयेत. फॉलिक अ‍ॅसिडची रोजची गोळी (३५० ते १,००० मायक्रोग्रॅम) पहिल्या डोसच्या आठवडाभर आधी सुरू करून शेवटच्या डोसनंतर २१ दिवसांपर्यंत घ्यायची. आणि व्हिटॅमिन बी१२ चं १,००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन पहिल्या डोसच्या आधीच्या आठवड्यात आणि मग दर ९ आठवड्यांनी. ही साधी जीवनसत्त्वं वाटतात म्हणून गोळ्या संपल्या तरी आणल्या जात नाहीत. त्या राहिल्या तर पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला उतरू शकतात आणि तोंड सोलवटून निघतं.

केमोबरोबर इम्युनोथेरपी का जोडतात?

२०२२ मध्ये चेकमेट ८१६ या चाचणीचे निकाल आले आणि उपचाराची दिशा बदलली. ३५८ रुग्णांपैकी निम्म्यांना ऑपरेशनआधी ३ सायकल नुसती केमो दिली, निम्म्यांना केमो आणि निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध. काढलेल्या फुप्फुसात आणि नोडमध्ये एकही जिवंत कॅन्सरपेशी न सापडण्याचं प्रमाण केमोत २.२ टक्के होतं, दोन्ही मिळून २४ टक्के. आजार न वाढता किंवा न परतता गेलेला मध्यम काळ २०.८ महिन्यांवरून ३१.६ महिन्यांवर गेला. ५ वर्षांनंतर हयात असलेले ५५ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर. ऑपरेशनपर्यंत पोचणारेही वाढले: ७५ ऐवजी ८३ टक्के.

त्यानंतर पेम्ब्रोलिझुमॅब आणि ड्युर्व्हालुमॅबच्या चाचण्यांमध्ये ऑपरेशनआधी ४ सायकल आणि ऑपरेशननंतर साधारण वर्षभर तेच औषध अशी योजना वापरली गेली, तिचाही फायदा दिसला.

ही औषधं आधी देण्यामागचा तर्क असा: गाठ आणि तिचे नोड शरीरात असतानाच रोगप्रतिकारक पेशींना शत्रूची ओळख पटते. गाठ काढून टाकल्यावर ओळख पटवायला फारसं काही उरत नाही. संधिवात, ल्युपस यांसारखा तीव्र स्वयंप्रतिकार आजार असेल किंवा अवयवाचं प्रत्यारोपण झालं असेल, तर हा मार्ग बहुधा बंद असतो.

ईजीएफआर किंवा एएलके पॉझिटिव्ह आलं तर?

मग क्रम बदलतो. ऑपरेशन आणि केमोनंतर गोळी सुरू होते: ईजीएफआरच्या ठरावीक बदलांसाठी ओसिमर्टिनिब ८० मिग्रॅ रोज, ३ वर्षं, एएलकेसाठी अलेक्टिनिब ६०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर, २ वर्षं. ओसिमर्टिनिबच्या अडौरा चाचणीत ५ वर्षांनी ८८ टक्के रुग्ण हयात होते, गोळी न घेणाऱ्यांत ७८ टक्के. (यात १बी पासून ३ए पर्यंतच्या स्टेज होत्या.)

केमोच्या दिवसांत काय बिघडू शकतं? कधी धावपळ करायची?

सगळ्यात धोक्याचा काळ सातव्या ते चौदाव्या दिवसाचा. या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला असतात. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. सकाळची वाट पाहू नये. आधी पॅरासिटामॉल घेऊन ‘बघू उतरतो का’ असंही करू नये, कारण ताप उतरतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. घरात चालू स्थितीतला थर्मामीटर हवाच. पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला डोस झाला, ताप आहे.’ अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं.

सिसप्लॅटिनची उलटी दोन टप्प्यांत येते. पहिल्या दिवशीची इंजेक्शनने आवरते; दुसऱ्या ते पाचव्या दिवसाची घरी असताना येते. म्हणून उलटीच्या गोळ्या मळमळ नसली तरी लिहून दिलेल्या दिवसांपर्यंत घ्यायच्या. त्या लवकर बंद केल्या की तिसऱ्या दिवशी पाणीही पोटात ठरत नाही, लघवी कमी होते आणि किडनीला इजा होते. डोसनंतरचे दोन-तीन दिवस रोज साधारण २ लिटर पाणी आणि पातळ पदार्थ जायला हवेत, हृदय किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्या या काळात नकोत. त्या किडनीवरचा ताण वाढवतात आणि पेमेट्रेक्सेड शरीरात साठतं.

कानात सतत शीळ वाजल्यासारखं होणं आणि तळव्यांना बधिरपणा येणं ही लक्षणं पुढच्या डोसच्या आधी सांगा. यातला ऐकण्यातला बिघाड बहुधा भरून येत नाही, म्हणून वेळेवर औषध बदलणं हाच उपाय. एकाच पायाला सूज किंवा अचानक धाप लागली तर रक्ताच्या गुठळीची शक्यता धरून त्याच दिवशी दाखवा.

इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम वेगळे असतात का?

हो, आणि त्यांचा उपायही वेगळा. इथे स्वतःचीच प्रतिकारशक्ती निरोगी अवयवांवर उलटते: फुप्फुस, आतडं, यकृत, थायरॉइड, अ‍ॅड्रिनल (किडनीवरची ग्रंथी), क्वचित हृदय. हे शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही होऊ शकतं. दिवसाला नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा जुलाब, नवा कोरडा खोकला, वाढती धाप, डोळे पिवळे होणं, छातीत दुखणं, प्रचंड थकवा: यापैकी काहीही असेल तर घरगुती औषध न घेता कळवा. उपचार बहुधा स्टेरॉइडने होतो आणि वेळेत सुरू झाला तर चांगला लागू पडतो. अ‍ॅड्रिनलचा बिघाड लक्षात न येता रुग्ण ऑपरेशनला गेला तर भूल दिल्यावर रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून ऑपरेशनआधी थायरॉइड आणि कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनलचं हार्मोन) तपासून घ्यावं.

आमच्या रुग्णाला ऑपरेशन झेपेल का, हे कसं ठरवतात?

वयावरून नव्हे. श्वासाच्या दोन आकड्यांवरून सुरुवात होते. एफईव्ही१ म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने सोडलेली हवा, आणि डीएलसीओ म्हणजे फुप्फुसातून वायू रक्तात किती चांगला जातो ते. केमोमुळे डीएलसीओ घसरू शकतो, म्हणून ही चाचणी केमोनंतर पुन्हा करायची असते. जुन्या आकड्यावर विसंबून ऑपरेशन करणं ही टाळता येण्याजोगी चूक आहे.

मग हिशेब होतो. दोन्ही फुप्फुसांचे मिळून १९ भाग धरतात: उजवीकडे वरच्या खंडात ३, मधल्यात २, खालच्यात ५, डावीकडे वरच्यात ५, खालच्यात ४. समजा एफईव्ही१ १.८ लिटर आहे आणि उजवा खालचा खंड काढायचा आहे. उरतील १४ भाग. १.८ गुणिले १४ भागिले १९, म्हणजे साधारण १.३३ लिटर. हा आकडा त्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी माणसाच्या अपेक्षित आकड्याच्या किती टक्के आहे ते पाहतात, आणि डीएलसीओचाही असाच हिशेब करतात. दोन्ही ६० टक्क्यांच्या वर असतील तर धोका कमी. एखादा ३० ते ६० मध्ये असेल तर जिना चढण्याची किंवा चालण्याची चाचणी. ३० च्या खाली असेल तर सायकलवर मास्क लावून केलेली व्यायाम चाचणी. तिच्यात ऑक्सिजनचा कमाल वापर किलोला मिनिटाला १० मिलीच्या खाली आला तर ऑपरेशनचा धोका फार मोठा मानतात. पूर्ण फुप्फुस काढायचं असेल तर भाग मोजून भागत नाही, प्रत्येक बाजूला रक्तपुरवठा किती आहे त्याचा स्कॅन लागतो.

केमो संपल्यावर ऑपरेशन किती दिवसांनी? मधल्या काळात काय करायचं?

साधारण ४ ते ६ आठवड्यांनी. त्याआधी रक्तपेशी सावरलेल्या नसतात. फार उशीर केला तर आजाराला पुन्हा वाढायला वाव मिळतो आणि व्रणही घट्ट होत जातो. शेवटच्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी सीटी किंवा पेट-सीटी पुन्हा होते. ऑपरेशनची तारीख मात्र शेवटच्या सायकलच्या वेळीच ठरवून घ्या.

हा महिना तयारीचा आहे. सिगारेट, विडी पूर्ण बंद. किमान ४ आठवडे आधी सोडली तर ऑपरेशननंतरचा न्यूमोनिया आणि टाके नीट न भरणं कमी होतं. चार आठवडे उरले नसतील तरी सोडावीच. रोज चालणं, धाप लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने, २० ते ३० मिनिटं. श्वासाचा व्यायाम करण्याचं तीन चेंडूंचं यंत्र आत्ताच आणून शिकून घ्या. ऑपरेशननंतर दुखत असताना शिकणं जमत नाही. प्रथिनं दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, किडनीचा त्रास नसेल तर. वजन उतरत असेल तर आहारतज्ज्ञाला दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे सर्जनला विचारा. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवावी लागते, पण हृदयात स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांशिवाय हा निर्णय नको.

स्कॅनमध्ये गाठ आकसलीच नाही, किंवा नोड वाढलेले दिसतात. ऑपरेशन रद्द का?

लगेच नाही. गाठ तेवढीच राहिली तर त्याला अपयश म्हणत नाहीत. आतल्या पेशी मेलेल्या असतात आणि व्रणाचा गोळा तेवढ्याच आकाराचा उरतो, असं पुष्कळदा काढलेल्या तुकड्यात दिसतं. इम्युनोथेरपीनंतर तर छातीतले नोड प्रतिकारक पेशींनी फुगून नव्याने चमकू लागतात, आणि तपासल्यावर त्यांत कॅन्सर नसतो. म्हणून नव्याने वाढलेल्या नोडची सुईने तपासणी केल्याशिवाय ‘आजार वाढला’ हा शिक्का मान्य करू नका. खरोखर नवी जागा बाधित झाली असेल तर मात्र ऑपरेशनने भलं होत नाही.

स्कॅनवर गाठ दिसेनाशीच झाली. मग ऑपरेशन टाळावं का?

आज तरी नाही. स्कॅन स्वच्छ असूनही फुप्फुसात जिवंत पेशी उरलेल्या असू शकतात आणि ते ओळखायची भरवशाची चाचणी हाताशी नाही. संपूर्ण गाठ मेली की नाही हे ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळतं.

ऑपरेशनमध्ये नेमकं किती फुप्फुस काढतात?

बहुतेकांचा एक खंड. याला लोबेक्टॉमी म्हणतात. गाठ मोठ्या श्वासनळीच्या तोंडाशी असेल तर खंडाबरोबर नळीचा तो भाग कापून उरलेली टोकं जोडतात, त्याला स्लीव्ह लोबेक्टॉमी म्हणतात. हे जमत असेल तर पूर्ण फुप्फुस काढण्यापेक्षा ते नक्की चांगलं, कारण श्वास वाचतो. सर्जनला हा प्रश्न जरूर विचारा: ‘स्लीव्ह शक्य आहे का?’

पूर्ण फुप्फुस, त्यातही उजवं, केमो-रेडिएशननंतर काढणं जोखमीचं आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत केमो-रेडिएशननंतर ज्या ५४ जणांचं पूर्ण फुप्फुस काढलं त्यांतले १४ दगावले. एक खंड काढलेल्यांत मृत्यू १ टक्क्याच्या आसपास होते.

ऑपरेशन दुर्बिणीने, रोबोटने किंवा छाती उघडून होतं. औषधांमुळे रक्तवाहिन्यांभोवतीचे पदर चिकटलेले असतात, त्यामुळे दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच छाती उघडून करावं लागू शकतं. ते सुरक्षिततेसाठी असतं. नोड मात्र कोणत्याही पद्धतीत नीट काढले गेले पाहिजेत, छातीच्या मधल्या भागातल्या किमान तीन गटांमधले, श्वासनलिका दुभंगते तिथल्या सातव्या गटासह.

ऑपरेशननंतर काय काय होऊ शकतं?

छातीत एक किंवा दोन नळ्या असतात. हवा गळणं थांबलं आणि पाणी कमी झालं की काढतात. हवा ५ दिवसांहून जास्त गळत राहिली तर नळी घरी घेऊनही जावं लागतं. गैरसोयीचं आहे, पण बहुधा आपोआप भरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित होणं बऱ्यापैकी आढळतं आणि औषधाने आटोक्यात येतं. आवाज घोगरा झाला असेल तर स्वरयंत्राची नस दुखावलेली असू शकते. पाणी पिताना ठसका लागतोय का ते पाहा आणि सांगा.

सगळ्यात जास्त टाळता येण्यासारखी अडचण म्हणजे न्यूमोनिया. दुखतं म्हणून रुग्ण खोकत नाही, कफ साचतो, फुप्फुस बसतं. वेदनेची औषधं वेळच्या वेळी मागून घ्या, दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसा, चाला, जागेपणी दर तासाला श्वासाच्या यंत्रावर दहा श्वास घ्या. खोकताना बाजूला उशी दाबून धरली की टाक्यांवरचा ताण कमी होतो.

घरी गेल्यावर ताप, घाण वासाचा किंवा पाण्यासारखा भरपूर कफ, आणि एका कुशीवर वळलं की खोकल्याची उबळ, हे श्वासनळीचा टाका उघडल्याचं लक्षण असू शकतं. ऑपरेशन झालेली बाजू खाली ठेवून झोपवा, म्हणजे चांगल्या फुप्फुसात पाणी जाणार नाही, आणि ताबडतोब हॉस्पिटलला न्या.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट कसा वाचायचा?

आर० म्हणजे कडा स्वच्छ, आर१ म्हणजे कडेवर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसल्या, आर२ म्हणजे डोळ्यांना दिसणारा आजार उरला. स्टेजच्या आधी वाय अक्षर असेल तर ती औषधानंतरची स्टेज. जिवंत पेशी १० टक्के किंवा कमी असतील तर प्रतिसाद मोठा, शून्य असतील तर पूर्ण. किती नोड काढले आणि किती बाधित निघाले हे आकडे रिपोर्टात नसतील तर मागून घ्या.

ऑपरेशननंतर पुन्हा केमो किंवा रेडिएशन लागतं का?

आधी केमो झाली नसेल तर ऑपरेशननंतर ४ सायकल, शक्यतो ६ ते ८ आठवड्यांत सुरू. जखम भरायला वेळ लागला म्हणून थोडा उशीर झाला तर केमो सोडून देऊ नये. आधी झाली असेल तर बहुधा इम्युनोथेरपी किंवा गोळी पुढे चालते. एन२ नोड निघाले म्हणून सरसकट रेडिएशन देण्याची जुनी पद्धत लंग आर्ट चाचणीनंतर मागे पडली: स्पष्ट फायदा दिसला नाही आणि हृदय-फुप्फुसांचा त्रास वाढला. कडेवर आजार उरला असेल तर मात्र रेडिएशनचा विचार होतो.

शेवटी ऑपरेशन होऊ शकलं नाही तर?

मग सगळं संपलं असं नाही. रोजचं रेडिएशन, साधारण ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप) ३० भागांत म्हणजे सहा आठवडे, आणि सोबत केमो. त्यानंतर आजार वाढलेला नसेल तर वर्षभर ड्युर्व्हालुमॅब. पॅसिफिक चाचणीत या मार्गाने ५ वर्षांनी ४३ टक्के रुग्ण हयात होते. ड्युर्व्हालुमॅब न मिळालेल्यांत ३३ टक्के. एन२बी आणि पसरट नोड असलेल्यांसाठी तर हाच पहिल्यापासूनचा योग्य मार्ग असू शकतो.

फुप्फुसाच्या शेंड्याची गाठ आणि चौथी स्टेज यांचं काय?

शेंड्याची गाठ, म्हणजे पॅनकोस्ट, खांदा आणि हाताच्या नसांना चिकटते. तिथे केमोबरोबर साधारण ४५ ग्रे रेडिएशन देऊन मग ऑपरेशन करण्याची पद्धत रुजली आहे, आणि आधी नसांचा एमआरआय लागतो. चौथ्या स्टेजला छातीचं ऑपरेशन सहसा होत नाही. मेंदूत किंवा अ‍ॅड्रिनलमध्ये एखादीच गाठ असेल आणि औषधाने आजार काही महिने स्थिर राहिला असेल, तर सगळ्या जागांवर ऑपरेशन किंवा नेमक्या रेडिएशनने उपचार करण्याचा विचार निवडक रुग्णांत होतो.

उपचार संपल्यावर तपासण्या किती दिवसांनी?

पहिली ३ वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी छातीची सीटी, पुढची २ वर्षं सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा कमी डोसची सीटी. मधेच डोकेदुखी वाढत गेली, फिट आली, एका जागी हाड सतत दुखू लागलं किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. आजार परतला तर बायॉप्सी आणि जनुकांची तपासणी पुन्हा करायला सांगा, कारण आता कोणतं औषध चालेल हे जुन्या रिपोर्टवरून सांगता येत नाही. दर वेळी जाताना केमोच्या औषधांची नावं, डोसच्या तारखा, ऑपरेशनचा आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, आणि जुन्या स्कॅनच्या सीडी सोबत ठेवा. छापलेल्या अहवालाचा कागद पुरत नाही. डॉक्टरांना जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवून पाहावी लागतात.